'श्रमा'च्या दोन संहिता

फोर्ड मॅडॉक्स ब्राउन (१८२१-१८९३) या चित्रकाराचा उल्लेख कलेतिहासात बहुधा प्री-रॅफेलाइट मंडळाच्या अनुषंगाने येतो. १८४८ मध्ये त्याने तरुण रोझेटीला काही काळ शिकवले. मात्र त्याच वर्षी स्थापन झालेल्या या मंडळाचा तो कधीच सभासद नव्हता. त्याच्या चित्रांतील सामाजिक आशयाचा विचार म्हणूनच स्वतंत्रपणे व्हायला हवा.

१८५२ च्या सुमारास आर्थिक विवंचनेपायी त्याने हिंदुस्थानात स्थलांतर करण्याचाही विचार केला होता. देशत्याग करणाऱ्या जोडप्याचे 'द लास्ट ऑफ इंग्लंड' (१८५५) हे चित्र या पार्श्वभूमीवर वाचावे लागते. १८५२ मध्येच आरंभिलेले 'वर्क' पूर्ण व्हायला मात्र १८६५ साल उजाडले.

या चित्रात हॅम्पस्टेडचा रस्ता खणणारे मजूर भर उन्हात मध्यभागी आहेत. उजवीकडे टॉमस कार्लाइल आणि एफ. डी. मॉरिस हे विचारवंत उभे आहेत. 'पास्ट अँड प्रेझेंट' (१८४३) या ग्रंथात कार्लाइलने श्रमाला धर्माची प्रतिष्ठा दिली होती. मॉरिसने १८५४ मध्ये लंडनमध्ये स्थापन केलेल्या कामगारांच्या महाविद्यालयात ब्राउनने अध्यापनही केले. चित्राचा आश्रयदाता टॉमस प्लिंट याला कार्लाइलसोबत चार्ल्स किंग्जली हवा होता. ते घडले नाही. धर्मपत्रके वाटणारी स्त्री मात्र त्याच्या सूचनेवरून चित्रात आली. चित्राचा अर्थ ठरविण्यात आश्रयदात्याचाही असा वाटा होता.

१८६५ च्या प्रदर्शनासाठी ब्राउनने स्वतःच विस्तृत विवरण लिहिले. त्यानुसार हे दोन विचारवंत रिकामे दिसत असले तरी बौद्धिक श्रमच करीत आहेत. म्हणजे शब्दसंहितेने सर्व श्रमांना एका नैतिक व्यवस्थेत सामावून घेतले. चित्रसंहिता मात्र इतक्या सहजपणे त्या व्यवस्थेत बसत नाही. कठड्याला रेलून पाहणारे विचारवंत आणि घामाने निथळणारे मजूर यांच्यातील अंतर डोळ्यांना जाणवतेच. उतारावर बेकार माणसे झोपलेली आहेत. पुढे आईविना पोरकी मुले आहेत. आणि खणलेल्या रस्त्यामुळे मागे घोड्यांवरील धनिकांची वाट अडली आहे.

श्रमाचा गौरव करणारी भाषा श्रमिकांची नसून त्यांच्याकडे पाहणाऱ्यांची आहे, ही विसंगती ब्राउनच्या विवरणाने झाकली आणि त्याच्या कुंचल्याने उघड केली. कलावंताचे स्वतःच्या कृतीवरील भाष्य हे अंतिम प्रमाण मानणाऱ्या समीक्षेला 'वर्क' म्हणूनच अडचणीचे ठरते.