सुइणीच्या बोटापासून दवाखान्याच्या तक्त्यापर्यंत

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही लिहा, असे अध्यक्षाबाईंनी सांगितले, तेव्हा "मला नाही हो जमायचे" म्हणून मी मोकळी झाले होते. सातवी शिकलेल्या बाईने इतिहास तो काय लिहावा! पण माझ्या घरी एक गोष्ट घडली आणि ती तुमच्यापुढे ठेवावी असे मनाने घेतले. ज्या गोष्टीविषयी आपण बायका आपसांतसुद्धा कुजबुजत बोलतो, ती आज मी मोठ्याने बोलणार आहे. मोठ्यांनी राग मानू नये.

माझी थोरली लेक पहिलटकरीण. बाळंतपणाला माहेरी आली होती. नववा सरत आला होता. एका रात्री न्हाणीघराचे दार बराच वेळ लागलेले दिसले, म्हणून मी हाक मारली. आतून उत्तर आले, "आई, पिशवीचे तोंड किती उघडले ते बघते आहे. बोट घातले की कळते म्हणे. मैत्रिणीने मोबाईलवर पाठवले आहे." माझ्या छातीत धस्स झाले. तिला आधी बाहेर बोलावले. पण रागावले नाही. तिच्या जन्माच्या वेळी मी दवाखान्यात कळा देत पडले असताना किती हात येऊन तपासून गेले, आणि "किती उघडले हो?" असे विचारल्यावर कोणी धड उत्तर दिले नाही, ते मला आठवले. पोरीला आपल्याच अंगात काय चालले आहे ते जाणून घ्यायचे होते. यात तिचा काय गुन्हा? वाट तेवढी चुकीची होती.

मग मी याची चौकशी करू लागले. थोडे वाचले, थोडे आमच्या आळीतल्या निवृत्त परिचारिकाबाईंना विचारले.

आपली धायरी २०१७ साली महापालिकेत गेली. आज फाट्यापर्यंत जागोजाग दवाखान्यांच्या पाट्या दिसतात. सासूबाईंच्या तरुणपणी मात्र इथे शेते होती आणि बाळंतपणे घरीच होत. सुईण पोटावरून हात फिरवी, कळांमधले अंतर बघे आणि अडले तर आत बोट घाली. पुष्कळ सुइणी हाताच्या गुणी होत्या. पण एखादीला तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप चढे आणि लोक म्हणत, बाहेरची बाधा झाली. सासूबाईंची चुलत जाऊ अशाच तापात तान्हे मूल मागे ठेवून गेली. सासूबाई हे सांगताना अजूनही पदर डोळ्यांना लावतात.

ही बाधा कसली होती? आपल्या सुश्रुतसंहितेत म्हटले आहे की, बाळंतिणीजवळ चार जाणत्या, वयस्क, प्रसूतीत कुशल बायका असाव्यात आणि त्यांची नखे कापलेली असावीत. नखांची ही गोष्ट आपल्याकडे इतकी जुनी आहे! पण तिचे पुरते मर्म फार उशिरा कळले, आणि तेही दूरदेशी.

युरोपात व्हिएन्ना शहरातल्या मोठ्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि विद्यार्थी तपासत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली डॉक्टरांच्या विभागात शंभरातल्या अकराहून अधिक बाया दगावल्या, तर सुइणींच्या विभागात तिनाहून कमी. पहिल्या विभागात नको म्हणून बाया गयावया करीत. सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरने याचा छडा लावला. विद्यार्थी प्रेतांची चिरफाड करून तसेच येत आणि त्याच हातांनी आत तपासत. मे १८४७ पासून त्याने क्लोरीनच्या पाण्यात हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये शंभरात अठरा मृत्यू होते, ते जूनमध्ये दोनांच्या आसपास आले. तरी मोठमोठ्या डॉक्टरांना ते मानवले नाही. आपलेच हात बाईला मारतात, हे कोणाला पटणार? १८६५ साली तो वेड्यांच्या इस्पितळात वारला.

त्याच १८६५ साली आपल्या आनंदीबाई जोशी जन्मल्या. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून त्या डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेल्या. १८८६ साली पदवी घेताना त्यांनी निबंध लिहिला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या, तेव्हा बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. पण वाट पडली होती. १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन काढले आणि घराबाहेर न पडलेल्या बाया परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. १९४४ साली डॉ. बानू कोयाजी पुण्याच्या केईएममध्ये आल्या, तेव्हा ते चाळीस खाटांचे प्रसूतिगृह होते. पुढे त्यांनी वढू भागात खेड्यातल्या मुलींनाच आरोग्याचे काम शिकवले.

हात स्वच्छ झाला, मग मोजमाप आले. आपण म्हणतो, दोन बोटे उघडले, तीन बोटे उघडले. पण बोटे काय, एकाची जाड, एकाची बारीक! म्हणून सेंटीमीटर धरतात. दहा म्हणजे पुरे उघडले. १९५४ साली न्यूयॉर्कच्या फ्रीडमन या डॉक्टरांनी तासातासाला तोंड किती उघडते याची रेघ कागदावर काढली. १९७२ साली आफ्रिकेत, आजच्या झिंबाब्वेत, फिलपॉट आणि कॅसल यांनी त्यावर इशाऱ्याची रेघ आखली. उघडण्याचा वेग त्या रेषेमागे पडला, तर दूरच्या दवाखान्यातल्या सुइणीने बाईला वेळेवर मोठ्या इस्पितळात धाडावे, हा हेतू. अडलेल्या कितीतरी बाया या तक्त्याने वेळीच ओळखता आल्या.

परिचारिकाबाई म्हणाल्या, "अहो, तोंड न पिकलेले असले तर नाकाच्या शेंड्यासारखे टणक लागते, पिकले की ओठासारखे मऊ. हे ओळखायला आम्हाला वर्षे लागली. स्वतःचे स्वतःला वाकून काय कळणार?" शिवाय एक-दोन सेंटीमीटर उघडून काही बाया दिवसचे दिवस, आठवडेसुद्धा राहतात. तेव्हा तो आकडा कळूनही दिवस कळत नाही. मात्र बोटाबरोबर जंतू आत जातात. पाणी गेले असेल तर धोका अधिक. वार खाली असली तर रक्तस्राव सुरू व्हायचा.

मग घरी काय पाहावे? कळा. त्या नियमाने येऊ लागल्या, वाढत गेल्या आणि पाच-पाच मिनिटांवर आल्या, की पहिलटकरणीने निघावे. दुसरेपणीच्यांनी त्याआधीच. पाणी गेले, अंगावरून रक्त गेले, बाळाची हालचाल कमी वाटली, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कळांची वाटही पाहू नये. १०८ क्रमांकाला फोन करावा. २०११ पासूनच्या योजनेत सरकारी दवाखान्यात बाळंतपण आणि ने-आण मोफत आहे.

आणि तिथे गेल्यावर, भगिनींनो, लाजू नका. दर तासाला तपासायचे कारण नाही. सारे सुरळीत असेल तर चार तासांनी एकदा पुरे, असे जागतिक आरोग्य संघटनाच म्हणते. "हात धुतले ना? मोजे घातले ना? तपासू का, असे आधी विचारा. आणि किती उघडले ते मला सांगा." एवढे म्हणण्याचा प्रत्येक बाळंतिणीला अधिकार आहे.

त्या रात्रीनंतर पाचव्या दिवशी माझ्या लेकीला पहाटे कळा लागल्या. मी घड्याळ घेऊन उशाशी बसले. दवाखान्यात परिचारिकेने हात धुतले, मोजे चढवले आणि "तपासते हं, बाळ," म्हणून तपासले. लेकीने विचारले, "किती?" ती म्हणाली, "सहा. छान चालले आहे." माझ्या वेळी जे उत्तर मला मिळाले नव्हते, ते माझ्या लेकीला मिळाले. दुपारी नात झाली.