तंबाखू एकच, पाइप अनेक

जर्मनीतल्या कुठल्याही गावच्या जुन्या बाजारात शनिवारी सकाळी चक्कर मारली, की एका तरी टेबलावर चिनी मातीचा हातभर लांब पाइप मांडलेला दिसतो. त्याच्या डोक्यावर घोडा, शिपाई, पलटणीचा क्रमांक आणि कुणा तरुणाचे नाव रंगवलेले असते. १९१४ च्या आधी सक्तीची लष्करी सेवा संपवून घरी परतणारी मुले आठवण म्हणून असे पाइप रंगवून घेत. लोक ते हौसेने विकत घेतात आणि भिंतीवर टांगतात. पण पाइप ओढणारा माणूस त्या टेबलापाशी आला, तर तो या देखण्या वस्तूकडे बघतसुद्धा नाही. शेजारच्या खोक्यातला काळपटलेला, कडेला जळलेला एखादा लाकडी पाइप उचलतो, त्याच्या नळीतून फुंकर मारून बघतो आणि खिशात टाकतो. असे का, हे विचारले तर उत्तर ठरलेले: “चव!”

मंडळी, मी स्वतः तंबाखू ओढत नाही. पण आमच्या कचेरीतले एक वयस्क जर्मन सहकारी पाइपचे शौकीन आहेत. त्यांच्याकडे आठवड्याच्या सात वारांचे सात पाइप आहेत. एकाच डब्यातली तंबाखू सोमवारच्या पाइपात गोडसर लागते आणि गुरुवारच्या पाइपात तिखट, असे ते शपथेवर सांगतात. पोटापाण्यासाठी मी संगणकाच्या आज्ञावल्या लिहितो, पण माझी डॉक्टरेट उष्णतावहनातली आहे. तेव्हा हा दावा मला तपासून पाहण्यासारखा वाटला. त्यासाठी वाचायला घेतले, आणि त्यातून जर्मनीचा तीनशे वर्षांचा एक इतिहासच हाती लागला.

आधी पाइपात काय घडते ते पाहू. पाइप म्हणजे एक छोटी भट्टी. वर निखाऱ्याचा पातळ थर. ओढणारा झुरका घेतो तेव्हा हवा वरून खाली येते आणि निखाऱ्याची धग खालच्या न जळलेल्या तंबाखूतून जाते. तिथे तंबाखू जळत नाही, भाजली जाते. तिच्यातली तेले आणि सुवासिक द्रव्ये वाफ होऊन निघतात, काही तोंडात येतात आणि काही खाली थंड तंबाखूवर जमतात. म्हणून शेवटचे झुरके नेहमी उग्र लागतात. शिवाय पाणी. पाइपातला ओलावा म्हणजे ओढणाऱ्याची लाळ, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात आग स्वतःच पाणी तयार करते. शुद्ध सेल्युलोज पूर्ण जळाले, तर दर ग्रॅममागे अर्ध्या ग्रॅमहून थोडे जास्तच पाणी निघते. त्यात तंबाखूतला मूळचा ओलावा मिळवा. ही सारी वाफ नळीतून जिभेकडे निघालेली असते.

आता जिभेला गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच चवी कळतात. बाकी ज्याला आपण चव म्हणतो तो घशामागून नाकात चढणारा वास असतो. तेव्हा भट्टी किती तापली, वाफ कुठे थंड झाली, पाणी कुठे मुरले आणि वासाची द्रव्ये किती अडली, यावर चव ठरते. या चारही गोष्टी पाइपच्या हातात आहेत. माझ्या सहकाऱ्यांचा दावा एवढ्यानेच निम्मा सिद्ध होतो. उरलेला निम्मा इतिहासात आहे.

प्रशियाचा राजा फ्रीडरिश विल्हेल्म पहिला (कारकीर्द १७१३ ते १७४०) याला दरबारी थाटमाटाचा तिटकारा होता. संध्याकाळी तो आपले सेनापती आणि मंत्री जमवून तंबाखूची बैठक भरवी. तिचे नाव टाबाक्सकोलेगियुम. साधी लाकडी बाके, बियरचे पेले, आणि प्रत्येकाच्या हातात लांब दांड्याचा पांढऱ्या मातीचा पाइप. डेसाऊचा म्हातारा संस्थानिक लिओपोल्ड तंबाखू ओढत नसे. तो नुसता रिकामा पाइप तोंडात धरून बसे, असे सांगतात. राजाच्या बैठकीत पाइपाशिवाय बसण्याची सोय नव्हती!

हे मातीचे पाइप हॉलंडहून येत, आणि पुढे जर्मनीतल्या वेस्टरवाल्डच्या कुंभारांनीही ते मोठ्या प्रमाणावर केले. त्यांना झिलई नसे. भाजलेली माती सच्छिद्र असते, ती पाणी शोषून घेते आणि तिला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. म्हणून मातीच्या पाइपात तंबाखूची खरी चव कळते असे जाणकार म्हणतात. कळकटलेला पाइप पुन्हा आगीत भाजला की कोरा करकरीत. पण डोक्याची भिंत पातळ. ती लगेच तापते आणि हात पोळतात. दांडा लांब ठेवला तो याचसाठी, की वाटेत धूर निवावा.

मग चिनी माती आली. माइसेनला अठराव्या शतकात युरोपातली अस्सल चिनी माती बनू लागली, आणि एकोणिसाव्या शतकात चिनी मातीचे पाइप जर्मन शेतकऱ्याच्या घरापर्यंत पोचले. रंगवायला झकास, धुवायला सोपे. पण झिलईमुळे भिंत पाणी पिईना. उष्णता मात्र लाकडाच्या कितीतरी पट वेगाने बाहेर जाई, म्हणजे आतली भिंत तुलनेने थंड आणि वाफ तिथेच पाणी होऊन बसणार. पावसाळ्यात खिडकीच्या काचेला धरतो तसा ओल. यावर जर्मन कारागिरांनी काढलेला तोडगा अगदी त्यांच्या स्वभावाला साजेसा आहे. डोक्याखाली त्यांनी पाणी साठवायची वेगळी कुपी जोडली, त्यापुढे चेरीच्या लाकडाचा लांब दांडा, मग लवचीक नळी आणि शेवटी शिंगाची मोहरी. प्रत्येक भाग सुटा, धुण्याजोगा. पाइप कसला, पाण्याच्या नळांची जोडणीच ती! धूर गार होई, पण वासाचा बराच अंशही वाटेत नळीला चिकटून राही. भिंतीवर टांगलेल्या त्या सुंदर पाइपांना आज गिऱ्हाईक का नाही, याचे हे उत्तर.

तिसरा रस्ता हलक्या सच्छिद्र दगडाचा. जर्मन लोक त्याला मेअरशाउम म्हणतात. शब्दशः ‘समुद्राचा फेस’. तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरच्या खाणींतून तो येई आणि व्हिएन्नात, तसेच थुरिंगियातल्या रूला गावी त्याचे पाइप कोरले जात. १८४७ साली ग्लोकर या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने त्याला सेपिओलाइट असे नाव दिले, कारण तो त्याला सेपिया माशाच्या हाडासारखा हलका आणि भुसभुशीत वाटला. इथे मराठी वाचकाने थोडे थांबावे. आपल्या आजीच्या बटव्यात जे समुद्रफेस असते, ते याच सेपिया माशाचे हाड! दोन दूरच्या भाषांना एकच उपमा सुचावी, याची मला मोठी मौज वाटली. या दगडाची भिंत गरम होत नाही आणि पाणी व तेल दोन्ही पिते. पिता पिता पांढरा दगड मधासारखा पिवळा होत जातो. असा रंगलेला पाइप म्हणजे मालकाच्या धीराचा पुरावा मानला जाई. विल्हेल्म बुशच्या १८६५ च्या ‘माक्स उंड मोरित्स’ मध्ये दोन द्वाड पोरे शाळामास्तरांच्या पाइपात बंदुकीची दारू ठासतात, तो पाइपही मेअरशाउमचाच.

चौथे साधन लाकूड. उल्मचे कारागीर झाडांच्या गाठाळ मुळांतून पाइप कोरत. पण टिकला तो भूमध्य सागराकाठच्या एरिका झुडपाच्या मुळाचा गड्डा, ज्याला ब्रायर म्हणतात. आधी उकळून, मग महिनोन्महिने वाळवून त्याचे पाइप करतात. योगायोग पाहा. बर्लिनच्या रस्त्यांवर तंबाखू ओढण्यास असलेली बंदी १८४८ च्या मार्चमधल्या क्रांतीत उठली, आणि त्याच १८४८ साली न्यूरेंबर्गला एलेनबेर्गर आणि त्सीनर यांनी पाइपांचा कारखाना काढला. पुढे दुसऱ्या कारखान्याशी एकत्र होऊन तो ‘फाउएन’ या नावाने प्रसिद्ध झाला. रस्त्यावर चालता चालता ओढायचा, तर हातभर नळी कशी चालणार? आखूड लाकडी पाइपाचे दिवस आले.

लाकडात एक नवी गोष्ट घडते. आतून कोळशाचा थर धरतो. तो साधारण नाण्याच्या जाडीचा ठेवावा, असे शौकीन सांगतात. हा थर लाकडाला जळू देत नाही, ओल पितो, आणि मागच्या तंबाखूचा वास धरून ठेवतो. लोणच्याची बरणी कितीही घासली तरी तिच्यात साखर ठेवावीशी वाटत नाही, तसेच हे. म्हणून उग्र तंबाखूचा पाइप वेगळा आणि सौम्य तंबाखूचा वेगळा. वापरलेला पाइप दिवसभर तरी वाळवायचा, म्हणून सात वारांचे सात. भोक किती रुंद, नळीचे छिद्र किती बारीक, याचाही हिशोब आहे. छिद्र बारीक असले तर माणूस जोर लावून ओढतो, निखारा फुलतो, धूर तापतो आणि जीभ चुरचुरते. तंबाखू तीच, बदलते ती भट्टीची हवा.

हे सारे वाचताना मला माझे आजोळ आठवत होते. ते निपाणीच्या बाजूला, तंबाखूच्याच मुलखात. तिथे एकाच शेतातली तंबाखू कुणी विडीत ओढी, कुणी चिलमीत, कुणी चुन्याबरोबर मळून दाढेखाली धरी. चुना घातला की तंबाखू ‘लागते’, हे तिथल्या पोरालाही ठाऊक. कारण असे, की क्षारामुळे निकोटिन मोकळे होते आणि तोंडाच्या त्वचेतून झरझर रक्तात उतरते. पाइपाच्या काही तंबाखूंचा धूरही असाच क्षारयुक्त असतो. म्हणून तो छातीत न घेताही माणसाला तलफ लागते. माझे आजोबा चिलीम ओढत. चिलमीच्या तोंडाला ओली छापी गुंडाळत आणि म्हणत, “गार धूर बाधत नाही बाळ, बाधतो तो तापलेला.” १९९१ साली ते घशाच्या कर्करोगाने गेले.

आजोबांचे वाक्य आणि जर्मन कारागिरांची तीनशे वर्षांची धडपड यांत मला फार अंतर दिसत नाही. सोमरिंग या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १७९५ साली लिहून ठेवले होते, की पाइप ओढणाऱ्यांच्या खालच्या ओठाला कर्करोग अधिक होतो. कारण दिले ते असे, की ओठ पाइप आणि दात यांच्यामध्ये दाबला जातो. म्हणजे दोष भांड्याचा! १८२८ साली हायडेलबर्गला पोसेल्ट आणि राइमान यांनी तंबाखूतून निकोटिन वेगळे काढले आणि ते विष आहे हे दाखवले, तरी शोध चालू राहिला तो बऱ्या भांड्याचाच. १९३० च्या दशकात फाउएनने ‘डॉक्टर पेर्ल’ नावाची कोळशाची गाळणी बाजारात आणली. नावातच डॉक्टर! नऊ मिलिमीटर जाडीची तशी गाळणी आजही जर्मन पाइपांत सर्रास असते. त्याच दशकाच्या अखेरीस, १९३९ मध्ये, कोलोनच्या फ्रान्झ हेरमान म्युलरने फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रोग्यांची निरोगी माणसांशी तुलना करून तंबाखूकडे बोट दाखवले. सोमरिंगनंतर १४४ वर्षांनी बोट भांड्यावरून मालाकडे वळले.

माझ्या विषयाच्या भाषेत सांगायचे, तर पाइपची भिंत तापमान बदलते, पाणी शोषते, वासाची काही द्रव्ये अडवते. या सगळ्याने चव खरोखर बदलते. शौकिनांचे म्हणणे खोटे नाही. पण चवीचे मोजमाप जिभेजवळ आहे आणि अपायाचे मोजमाप जिभेजवळ नाही. धूर गार लागला, कोरडा लागला, गोड लागला, की तो निरुपद्रवी असणार, अशी समजूत जीभ करून देते. कर्करोग घडवणारी द्रव्ये मात्र गार धुरातूनही येतात, आणि ओल्या छापीतूनही.

हे मी त्या सहकाऱ्यांना एकदा दुपारच्या कॉफीच्या वेळी सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, “हेर डॉक्टर, गणित बरोबर आहे.” आणि बुधवारचा पाइप भरू लागले.