थँक्सगिव्हिंगच्या ताटाचा मागोवा

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेतल्या बहुतेक घरांत सकाळपासूनच ओव्हन तापलेला असतो. आत अख्खी टर्की, शेगडीवर क्रॅनबेरीची आंबटगोड चटणी, ओट्यावर भोपळ्याचा पाय. दूरच्या शहरांतून लेकी, मुलगे, नातवंडं घरी पोचलेली. हे सगळं १६२१ पासून असंच चालत आलंय, असं मुलं शाळेत शिकत आली. ताटातला एकेक पदार्थ धरून मागे जाऊ लागलं की वाट मात्र वेगळीकडेच वळते.

१६२१ मध्ये काय झालं याचा पुरावा अगदी थोडा आहे. इंग्लंडहून मेफ्लॉवर जहाजातून आलेल्या १०२ प्रवाशांपैकी जवळपास निम्मे पहिल्याच हिवाळ्यात दगावले. उरलेले प्लिमथला वसले, ती जागा म्हणजे वाम्पानोआग या मूळ रहिवाशांचं पटक्सेट हे गाव, साथीच्या रोगानं ओस पडलेलं. त्या गावच्या टिस्क्वांटमला १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानानं पळवून स्पेनला विकायला नेलं होतं. तो इंग्लंडमार्गे परतला तेव्हा गावात कुणीच उरलं नव्हतं. त्यानंच या परक्यांना मासळीचं खत घालून मका पेरायला शिकवलं. पीक हाती आल्यावर काय झालं, ते वसाहतीतल्या एडवर्ड विन्स्लोनं डिसेंबरात लिहिलेल्या पत्रात चार-पाच ओळींत सांगितलंय. चार जण पक्ष्यांच्या शिकारीला गेले, मॅसासोइट हा वाम्पानोआगांचा प्रमुख नव्वदेक माणसं घेऊन आला, तीन दिवस मेजवानी चालली, पाहुण्यांनी पाच हरणं मारून आणली. पत्रात टर्कीचं नाव नाही. त्या शरद ऋतूत रानटर्की मिळत होत्या, एवढं वसाहतीचा गव्हर्नर ब्रॅडफर्डच्या लिखाणात सापडतं. भोपळ्याचा पाय करायचा तर गव्हाचं पीठ आणि लोणी हवं, आणि वसाहतीत त्यांचीच वानवा होती. शिवाय या धर्मनिष्ठ माणसांच्या लेखी आभाराचा दिवस म्हणजे प्रार्थनेचा दिवस. ती मेजवानी तसली नव्हतीच. तिला ‘पहिलं थँक्सगिव्हिंग’ हे नाव चिकटवलं अलेक्झांडर यंग यांनी, १८४१ मध्ये, ते पत्र पुन्हा छापताना दिलेल्या एका तळटिपेत.

त्या मेजवानीनंतर पंचावन्न वर्षांनी मॅसासोइटचा मुलगा मेटाकॉम याच इंग्रजांशी लढताना मारला गेला आणि त्याचं शिर प्लिमथमध्ये खांबावर टांगलं गेलं. १९७० मध्ये वाम्पानोआग नेते फ्रँक जेम्स यांना मेफ्लॉवरच्या आगमनाच्या साडेतीनशेव्या वर्षाच्या सोहळ्यात भाषणासाठी बोलावलं होतं. भाषणाचा मसुदा पाहून आयोजकांनी तो नाकारला. मग ते मॅसासोइटच्या पुतळ्याजवळ, कोल्स हिलवर उभं राहून बोलले. तेव्हापासून दर थँक्सगिव्हिंगला तिथे शोकदिन पाळतात. प्लिमथची गोष्ट मुलांना सांगायची असेल, तर ती इथपर्यंत सांगावी. अर्धी सांगण्यापेक्षा न सांगितलेली बरी.

मग घरातला हा सण आला कुठून? न्यू इंग्लंडच्या शेतकरी घरांतून. पीक घरात आलं की त्या-त्या राज्याचा गव्हर्नर एखादा गुरुवार जाहीर करी. सकाळी चर्च आणि नंतर जेवण. एकोणिसाव्या शतकात पोरं गिरण्यांत, शहरांत पोटामागे गेली, तसं चर्च मागे पडलं आणि घरी परतणं हाच सण झाला.

त्याला देशभर नेलं सेरा जोसेफा हेल यांनी. न्यू हॅम्पशरमध्ये जन्म, १८२२ मध्ये वैधव्य, पदरी पाच मुलं. लेखणीवर घर चालवायचं ठरवून त्यांनी १८२७ मध्ये ‘नॉर्थवूड’ ही कादंबरी लिहिली. तीत थँक्सगिव्हिंगच्या जेवणाचं सविस्तर वर्णन आहे. टेबलाच्या अग्रभागी मसाला भरून भाजलेली टर्की, भोवती गाईचं, डुकराचं, मेंढीचं मांस, हंस, बदकं, कोंबडीचं मांस भरलेला मोठा पाय आणि शेवटी भोपळ्याचा. आजच्या ताटाची मूळ प्रत हीच, असं मला वाटतं. पुढे ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकाच्या संपादक म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं अग्रलेख लिहिले, पाककृती छापल्या, गव्हर्नरांना आणि एकामागून एक राष्ट्राध्यक्षांना पत्रं धाडली. सप्टेंबर १८६३ मध्ये लिंकनना लिहिलं. यादवी युद्ध ऐन भरात, गेटिसबर्गच्या लढाईला जेमतेम तीन महिने होत होते. ३ ऑक्टोबरला फर्मान निघालं. त्यात विधवा आहेत, अनाथ आहेत, पण प्लिमथचा उल्लेखही नाही. पुढे १९३९ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी, व्यापाऱ्यांना नाताळच्या खरेदीला जास्त दिवस मिळावेत म्हणून, सण आठवडाभर अलीकडे ओढला. मोठा गदारोळ झाला, आणि १९४१ च्या कायद्यानं चौथा गुरुवार कायम केला.

टर्कीचा प्रवास याहून लांबचा. ती माणसाळली मेक्सिकोत. स्पॅनिश जहाजांनी सोळाव्या शतकात युरोपात नेली, आणि इंग्रज वसाहतींत पाळीव टर्की युरोपातून परत आली. तोवर एक पक्षी गोव्याला पोचून तिथून थेट जहांगीराच्या दरबारात गेला होता. १६१२ मध्ये बादशहाचा सरदार मुकर्रब खान यानं तो गोव्याहून आणला. बादशहानं आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय, की याच्या डोक्या-मानेचा रंग घटकेघटकेला पालटतो, कधी लाल, कधी कापसासारखा पांढरा, कधी फिरोजी. उस्ताद मन्सूरनं काढलेलं त्याचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. म्हणजे प्लिमथच्या त्या जेवणाच्या नऊ वर्षं आधीच आपल्या किनाऱ्यावर टर्की येऊन गेली होती.

उरलेलं ताट विसाव्या शतकातल्या कारखान्यांनी भरलं. डब्यातली क्रॅनबेरी, डब्यातला भोपळा. हिरव्या शेंगांचं कॅसरोल तर १९५५ चं. कॅम्पबेल सूप कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या डॉर्कस रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मश्रूम सूपचा डबा, शेंगा आणि तळलेला कांदा एवढ्यावर ते बसवलं. त्याला कमी लेखायचं कारण नाही. दिवसभर नोकरी करून आलेल्या बाईला अर्ध्या तासात होणारा पदार्थ मिळाला, आणि दोन पिढ्यांत तो आजीच्या हातचा ठरला.

स्थलांतरितांनीही ताट आपलंसं केलं. इटालियन घरांत टर्कीआधी लझान्या येतो. मराठी घरांत या सुट्टीत चार कुटुंबं जमतात, जो तो एकेक पदार्थ आणतो, आणि त्याच भोपळ्याचे घारगे होतात.

तेव्हा ज्यांना हा दिवस साधेपणानं करायचाय, त्यांनी खुशाल करावा. न्यू इंग्लंडच्या त्या घरांत कोंबडी भरलेल्या पायलाही मान होता, म्हणून दोघा-तिघांच्या घराला एक भाजलेली कोंबडी पुरते. मांस न खाणाऱ्यांना मका, घेवडा आणि भोपळा आहेतच. ही तिन्ही पिकं एकाच वाफ्यात लावायची रीत मूळ रहिवाशांची आहे, आणि त्यांची भाजी तासाभरात होते. जेवण्याआधी टेबलाभोवती प्रत्येकानं वर्षातली एकेक आभाराची गोष्ट सांगायची, लहानांनी आधी, ही पद्धत अनेक घरांत आहे. तिला खर्च काहीच नाही. उरलेलं मांस दुसऱ्या दिवशी पावात घालून खातात, हाडांचं सूप होतं, आणि पाहुण्यांना निघताना डबे भरून देतात.