घरघर : ऑटोमॅटिक घड्याळाच्या एका आवाजाचा इतिहास

सर्व्हिसिंग करून आणलेले ऑटोमॅटिक घड्याळ पूर्वी कधी न काढलेला आवाज काढू लागले, तर तो आवाज बिघाडाचा की घडणीचा? हा प्रश्न घड्याळजीच्या टेबलावर सुटायला हवा. माझ्या अनुभवात तो सुटला इतिहासात.

मनगटाच्या हालचालीवर स्वतःची स्प्रिंग स्वतः गुंडाळणाऱ्या घड्याळाची कल्पना अडीचशे वर्षांची आहे. स्वित्झर्लंडमधील अब्राहम-लुई पेरले यांच्या अशा खिशातल्या घड्याळाची नोंद जिनिव्हाच्या कलासंस्थेने १७७७ मध्ये केली. पंधरा मिनिटे चालले की ते आठ दिवस चाले. पुढच्याच वर्षी लिएजच्या ह्यूबेर सार्तोंनी फिरत्या वजनाच्या घड्याळाचे वर्णन पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे दिले. पहिला मान कोणाचा, यावर जाणकारांत अजून वाद आहे. पण खिशातले घड्याळ फारसे हलत नाही, म्हणून ही युक्ती मागे पडली.

मनगटी घड्याळ रुळल्यावर ती परत आली. इंग्रज घड्याळ-दुरुस्तीदार जॉन हार्वुड यांना १९२४ मध्ये स्विस पेटंट मिळाले. चावीच्या दांडीसाठी ठेवलेल्या छिद्रातून धूळ आणि ओल आत शिरते, हे त्यांच्या लक्षात आले होते. म्हणून त्यांनी ती खुंटीच काढून टाकली. काटे फिरवायचे ते काचेभोवतीचे कडे फिरवून. माणदेशातल्या माणसाला हे चटकन पटेल. माणगंगेच्या कोरड्या पात्रावरून उन्हाळ्यात उठणारी धूळ कुठे शिरत नाही? हार्वुडच्या यंत्रातले वजन मात्र पूर्ण फिरत नसे. ते दोन बाजूंच्या स्प्रिंगांवर आदळून परत येई. ऑटोमॅटिकचा पहिला आवाज हा असा, ‘टक्‌’.

रोलेक्सने १९३१ मध्ये वजन पूर्ण वर्तुळात फिरवले. एटर्नाने १९४८ मध्ये त्या वजनाच्या, म्हणजे रोटरच्या, मध्याशी पाच बारीक छऱ्यांचे बेअरिंग बसवले. ते पाच छरे पुढे त्या कंपनीचे बोधचिन्हच झाले. बेअरिंगने झीज कमी केली आणि घरघर आणली. काही यंत्रांत रोटर एकाच दिशेने स्प्रिंग गुंडाळतो आणि उलट दिशेला मोकळा सुटतो. सिटिझनची ८२०० मालिका अशीच आहे. तिची भिंगरीसारखी भिरभिर जन्मजात असते आणि ती कोणत्याही सर्व्हिसिंगने जात नाही.

आपल्याकडे एचएमटीने १९६१ मध्ये सिटिझनच्याच सहकार्याने बंगळुरूला घड्याळे बनवायला सुरुवात केली. ‘जनता’, ‘पायलट’ ही चावीची घड्याळे. ‘रजत’, ‘कांचन’ ही ऑटोमॅटिक. म्हसवडसारख्या बाजारगावात मी लहानपणी पाहिली ती बहुतेक चावीचीच. लग्नात जावयाला दिलेले ऑटोमॅटिक सिद्धनाथाच्या रथाला मुद्दाम बाही सरकवून मिरवले जाई. आमच्या भागातल्या घड्याळजींचा हात साहजिकच चावीच्या घड्याळांवर बसला. हा तपशील महत्त्वाचा आहे.

वडिलांचे ऑटोमॅटिक मी एका दुकानातून सर्व्हिसिंग करून आणले. त्यानंतर चावी देताना आतला रोटरही गरगर फिरू लागला. “ऑटोमॅटिक असंच वाजतं,” असे उत्तर मिळाले. घालत राहावे तर यंत्र झिजण्याची भीती. काढून ठेवावे तर वडील गेल्यापासून घरात चालू असलेली त्यांची ती एकच वस्तू बंद पडणार.

शेवटी एका वृद्ध कारागिराने पाठ उघडून कारण दाखवले. दोन्ही दिशांची हालचाल एकाच दिशेत वळवणारी दोन चिमुकली चाके रोटरखाली असतात. त्यांच्या पोटात केसाएवढे खटके असतात. त्यांना तेल जवळजवळ नकोच असते. चावीच्या घड्याळाच्या सवयीने थेंब पडला की खटके चिकटतात आणि हाताने दिलेला पीळ उलटा रोटरपर्यंत पोहोचतो. स्प्रिंगच्या डबीची गोष्ट नेमकी उलटी. चावीच्या घड्याळात स्प्रिंगचे बाहेरचे टोक आकड्यात अडकवलेले असते. ऑटोमॅटिकमध्ये ते डबीच्या भिंतीवर घट्ट टेकलेले असते आणि पीळ पूर्ण झाला की घसरते. तिथे खास घट्ट ग्रीस लागते. साधे तेल दिले तर स्प्रिंग वेळेआधी घसरते आणि घड्याळ रात्रीतच थांबते. म्हणजे एकीकडे तेल जास्त, दुसरीकडे चुकीचे. यात निष्काळजीपणा नव्हता. एका पिढीच्या यंत्राचे ज्ञान दुसऱ्या पिढीच्या यंत्रावर वापरले गेले होते.

सेकोने १९६९ च्या डिसेंबरात क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ बाजारात आणले. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात ते घरोघर पोहोचले आणि दुरुस्ती म्हणजे सेल बदलणे एवढेच उरले. एचएमटीचा घड्याळविभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये घेतला. कारखान्याबरोबर सुटे भाग गेलेच. पण ‘इथे तेल नको’ हे सांगणारी माणसेही एकेक करून उठून गेली.

म्हणून वाचकांना इतकेच सुचवतो. मनगट हलवल्यावर होणारी हलकी घरघर घड्याळाच्या घडणीची असू शकते. सर्व्हिसिंगआधी ती होती का, हे आठवून पाहावे. चावी देताना रोटर वेगाने फिरत असेल, तर मात्र चावी देणे लगेच थांबवावे आणि पाठ उघडून घ्यावी. दुरुस्तीला देताना हे ऑटोमॅटिक आहे, असे तोंडाने सांगावे. घड्याळजीने “मग खटक्यांना तेल देत नाही,” असे म्हटले, तर घड्याळ निश्चिंत मनाने त्याच्या हाती द्यावे.