संगणक-समूहातील कार्यनियोजन

संगणक-समूहातील कार्यनियोजन : परस्परांशी जोडलेल्या अनेक संगणकांच्या समूहाकडे निरनिराळ्या उपयोगकर्त्यांनी सोपविलेली गणनकार्ये रांगेत लावून प्रत्येकास आवश्यक तेवढे प्रक्रियक, स्मृती व वेळ नेमून देण्याची व्यवस्था. उपयोगकर्ता आज्ञा-ओळीवर आज्ञा टंकित करून आपले कार्य या व्यवस्थेच्या स्वाधीन करतो. ‘क्यूसब’ व ‘एसबॅच’ या अशा परिचित आज्ञा होत. महागडे यंत्र रिकामे राहू नये आणि तरीही कोणावर अन्याय होऊ नये, या दोन गरजांचा मेळ घालण्याच्या प्रयत्नांतून या व्यवस्थेचा इतिहास घडला आहे.

आरंभ : १९५०–६० या दशकाच्या पूर्वार्धात उपयोगकर्ते ठराविक वेळ राखून ठेवून स्वतः यंत्रावर काम करीत. एकाचे काम आटोपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत यंत्र स्वस्थ राही. हा अपव्यय टाळण्यासाठी जनरल मोटर्स व नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या अमेरिकन कंपन्यांनी आयबीएम ७०४ या संगणकाकरिता १९५६ मध्ये नियंत्रक कार्यक्रम तयार केला. त्यामुळे कार्यांचा गठ्ठा एकामागून एक आपोआप चालविणे शक्य झाले. पुढे १९६४ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम सिस्टिम/३६० मालिकेत कार्याच्या गरजा विशिष्ट नियंत्रण-भाषेत छिद्रित पत्रांवर नोंदवून देण्याची पद्धत आली. यंत्रासमोर बसणाऱ्या माणसाची जागा अशा रीतीने त्याच्या लेखी मागणीने घेतली.

विकास : नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी १९८०–९० या दशकात युनिक्स संगणकांकरिता ‘नेटवर्क क्यूइंग सिस्टिम’ रचण्यात आली. क्यूसब ही आज्ञा तिच्यात होती. याच केंद्रात १९९१ पासून ‘पोर्टेबल बॅच सिस्टिम’ विकसित झाली. रांग सांभाळणे, कार्य चालविणे व क्रम ठरविणे ही कामे तिच्यात वेगळी केल्यामुळे प्रत्येक संस्थेस प्राधान्याचे स्वतःचे नियम लिहिता येऊ लागले. १९९४ मध्ये क्यूसब व तत्सम आज्ञांचा पॉसिक्स मानकात समावेश झाला. त्याच वर्षी टॉमस स्टर्लिंग व डॉनल्ड बेकर यांनी नासाच्या गॉडार्ड केंद्रात साध्या बाजारी भागांपासून १६ प्रक्रियकांचा ‘बेओवुल्फ’ समूह उभारला. असे स्वस्त समूह विद्यापीठांतून पसरले आणि सामायिक रांगेची गरज वाढली. लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत लिनक्स समूहांसाठी निर्माण झालेल्या ‘स्लर्म’ या मुक्त प्रणालीचे वर्णन मॉरिस जेट व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केले. तिच्यात एसबॅचने कार्य दाखल होते, एसक्यूने रांग दिसते व एसकॅन्सलने कार्य रद्द होते.

रांगेतील न्याय : केवळ आगमनाचा क्रम पाळल्यास यंत्र वाया जाते. समजा, ६४ प्रक्रियकांपैकी ४० व्यग्र आहेत आणि रांगेतील पहिल्या कार्यास सर्व ६४ हवे आहेत. तर उरलेले २४ निष्कारण थांबतात. पहिल्या कार्याचा मुहूर्त न ढळता संपणारी लहान कार्ये या पोकळीत चालविण्याची पद्धत डेव्हिड लिफ्का यांनी आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेतील आयबीएम एसपी यंत्रावर योजली आणि १९९५ मध्ये मांडली. मात्र त्यासाठी प्रत्येकाने कार्यास लागणारा वेळ आधी सांगावा लागतो. सांगितलेली मर्यादा ओलांडणारे कार्य सामान्यतः बंद पाडले जाते. मधली फले जतन केलेली नसल्यास अनेक दिवसांचे गणन शेवटच्या काही मिनिटांसाठी व्यर्थ जाते. या भीतीने वेळ वाढवून सांगितल्यास कार्य पोकळीत मावत नाही व अधिक ताटकळते. मुआलेम व फाइटेलसन यांनी २००१ मध्ये प्रत्यक्ष नोंदी तपासल्या, तेव्हा हे अंदाज फारच ढोबळ असल्याचे आढळले.

ज्याने अलीकडे यंत्र अधिक वापरले, त्याचे प्राधान्य घटवावे, हे ‘न्याय्य वाटा’ तत्त्व सिडनी विद्यापीठातील ज्यूडी के व पिअर्स लॉडर यांनी १९८८ मध्ये विशद केले. स्लर्ममध्येही त्याचा उपयोग करता येतो.

भारत : पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. राष्ट्रीय महासंगणन अभियानाखाली पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत उभारलेल्या ‘परम ब्रह्म’वर कार्ये स्लर्ममार्फत दाखल करण्याची व्यवस्था करण्यात आली.

नियोजक नियम निरपवादपणे पाळतो. परंतु कोणत्या विभागास किती वाटा द्यावा, हे तो ठरवीत नाही. तो निर्णय संस्थेचाच असतो. म्हणून रांगेच्या न्याय्यतेची जबाबदारी अखेरीस नियम लिहिणाऱ्यांवरच राहते.