शंभराचे पाचशे : दख्खनचे दंगे आणि सावकारी

आपल्या खंडाळ्याच्या उत्तरेस नीरा ओलांडली की पुणे जिल्हा लागतो. त्याच जिल्ह्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी, ऐन बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. हे लोण गावोगाव पसरले. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात कुकरूडलाही (आज सांगली जिल्हा) तसाच प्रकार घडला. बहुतेक ठिकाणी मागणी एकच होती : खते द्या. ती हाती पडली की जाळून लोक परत फिरत. सावकाराच्या जिवाला सहसा धक्का लागला नाही.

कागदावर एवढा राग का? अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा कर्ज सहज मिळाले. पुढे भाव कोसळले, सारा मात्र वाढला, आणि तोही रोखीने भरायचा. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू रयतेच्या रक्षणाचा, परिणाम उलटा! सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेऊ लागला. विद्यार्थ्यांनी हिशेब करून पाहावा. समजा, शंभर रुपये, दरसाल शेकडा चोवीस. तीन वर्षांनी १७२, सहा वर्षांनी सुमारे २९६, नऊ वर्षांनी ५०९. अंगठा उठवणाऱ्याला हा गुणाकार कोण सांगणार?

सावकारी ही काही एका जातीची मिरास नव्हती. मुंबईच्या गिरणी कामगारांना जबर व्याजाने पैसे देणारे काबुली पठाण होते, म्हणजे व्याज निषिद्ध मानणाऱ्या आपल्याच धर्माचे. हे सांगताना संकोच वाटतो. पण इतिहासाला संकोच चालत नाही.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. तो पुणे, सातारा, सोलापूर व तेव्हाचे अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन मूळ रक्कम शोधण्याचा अधिकार मिळाला. सावकारांनीही पळवाट काढली : गहाणाऐवजी सरळ खरेदीखत, आणि जमीन परत देण्याचे वचन तोंडी.

तोंडी वचनाची ही रीत अजून ऐकू येते. पालकांनी म्हणून एक तरतूद माहीत करून घ्यावी. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमानुसार, अवैध सावकारीत गेलेली जमीन व्यवहारापासून पंधरा वर्षांच्या आत असेल, तर ती परत मिळण्यासाठी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे दाद मागता येते.