लेप, घरगुती

त्वचेचे किरकोळ विकार, मुका मार, मुरगळ, सूज व सांधेदुखी यांवर घरात किंवा परिसरात सहज मिळणारी द्रव्ये वाटून, उगाळून अथवा शिजवून बाहेरून लावण्याच्या उपचारांस सामान्यतः घरगुती लेप म्हणतात. पोटीस, पाल्याचा शेक, चोळण्याची तेले व उटणी यांचाही त्यांत समावेश होतो. हे ज्ञान मुख्यत्वे तोंडी परंपरेने टिकले असले, तरी त्याचे लेखी पुरावेही प्राचीन आहेत. या पुराव्यांना विसाव्या शतकाच्या अखेरीस अनपेक्षितपणे कायदेशीर महत्त्व प्राप्त झाले.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील तिसऱ्या अध्यायात बाहेरून लावावयाचे ३२ चूर्णप्रदेह सांगितले असून त्यांत कुष्ठादी त्वचाविकार व वातजन्य वेदना यांवरील योग आहेत. सुश्रुतसंहितेत प्रलेप, प्रदेह व आलेप असे तीन प्रकार मानले आहेत. प्रलेप थंड व पातळ, प्रदेह जाड आणि आलेप मध्यम स्वरूपाचा असतो. लेप केसांच्या उलट दिशेने लावावा, रात्री लावू नये, वाळल्यावर अंगावर ठेवू नये व एकदा वापरलेला पुन्हा वापरू नये, असे नियमही तेथे आढळतात. शार्ङ्गधरसंहितेत दोषघ्न, विषघ्न व वर्ण्य असे लेपांचे वर्गीकरण केलेले असून त्यांची जाडी अंगुळांत दिली आहे.

महाराष्ट्रातील घरांत या परंपरेला स्थानिक वनस्पतींची जोड मिळाली. मुक्या मारावर आंबेहळद व रक्तचंदन सहाणेवर उगाळून कोमट लेप देतात. दुखऱ्या सांध्यांना निर्गुडीच्या पाल्याने शेकतात. एरंडाचे पान तेल लावून, गरम करून बांधतात. गळवावर अळशीचे पोटीस लावतात. नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानात चंदन, वाळा, नागरमोथा, कचोरा इत्यादींचे उटणे वापरतात. द्रव्यांचे प्रमाण चिमूट, बोटभर तुकडा किंवा सहाणेवरील वेढे अशा मापांनी ठरत असे व ते बहुधा घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनाच ठाऊक असे. त्यामुळे ग्रंथांत या ज्ञानाचा काही अंशच उतरला.

यूरोपीयांनीही येथील औषधी वनस्पतींच्या नोंदी केल्या. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात हळदीचा उल्लेख आहे. ॲम्स्टरडॅम येथे १६७८ ते १६९३ या काळात १२ खंडांत प्रसिद्ध झालेल्या हॉर्तुस मलबारिकुस या ग्रंथासाठी इट्टी अच्युतन हे मलबारी वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे कोकणी ब्राह्मण यांनी माहिती पुरविली होती. पुढे अशा उपचारांची जागा तयार मलमांनी घेण्यास प्रारंभ झाला. काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी १८९३ मध्ये मुंबईत सुरू केलेले अमृतांजन हे त्याचे एक आरंभीचे उदाहरण होय.

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याच्या पद्धतीचे एकस्व, म्हणजे पेटंट, मिळाले. भारतातील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, रघुनाथ माशेलकर हे महासंचालक असताना, १९९६ मध्ये त्यास आव्हान दिले. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यानुसार परदेशात एखादी गोष्ट केवळ वापरात असणे पुरेसे नव्हते. ती मुद्रित स्वरूपात प्रसिद्ध झालेली असणे आवश्यक होते. म्हणून परिषदेने प्राचीन ग्रंथ व १९५३ मधील एक वैद्यकीय शोधनिबंध यांसह ३२ संदर्भ सादर केले. ऑगस्ट १९९७ मध्ये एकस्वातील सर्व दावे अमान्य ठरले. कोट्यवधी घरांतील नित्याचा उपयोग कागदावर दाखविता आला, म्हणूनच तो पुरावा ठरला. केवळ परदेशातील वापर ग्राह्य न धरणारी ही अट अमेरिकेने २०११ च्या कायद्याने दूर केली.

तथापि एखादा उपचार जुना आहे, याचा अर्थ तो निर्धोक आहे असा होत नाही. दुखऱ्या भागावर बिब्ब्याचे तेल लावण्याची प्रथा महाराष्ट्रात होती. परंतु त्यातील दाहक द्रव्यांमुळे त्वचेवर फोड येतात व पुष्कळदा तीव्र त्वचाशोथ होतो. दुसऱ्या महायुद्धात भारतातील दोस्त सैनिकांना झालेल्या अशाच विकाराचे कारण कपड्यांवर धोब्यांनी केलेल्या बिब्ब्याच्या खुणा हे होते. मोहरीचे पोटीस अधिक वेळ ठेवल्यास त्वचा भाजते. उघड्या जखमेवर अस्वच्छ लेप दिल्यास जंतुसंसर्ग संभवतो, तर सांध्याची सूज व ताप एकत्र असल्यास लेपावर विसंबणे धोक्याचे ठरते.

हळदीच्या प्रकरणानंतर, २००१ मध्ये, पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचे कार्य भारतात सुरू झाले. त्यात आयुर्वेद, सिद्ध व युनानी ग्रंथांतील योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, जपानी व स्पॅनिश भाषांत एकस्व-परीक्षकांसाठी उपलब्ध केले आहेत. त्याचा मुख्य आधार ग्रंथ हाच असल्याने केवळ तोंडी राहिलेले ज्ञान त्यात येत नाही. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक समित्यांनी ठेवावयाच्या लोक जैवविविधता नोंदवह्यांत अशा ज्ञानाला स्थान आहे. अशा नोंदीमुळे एखाद्या लेपाचे प्राचीनत्व व त्याचे मूळ जाणकार यांची साक्ष राहते. त्याची गुणकारकता मात्र स्वतंत्र वैद्यकीय कसोट्यांनीच ठरवावी लागते.